जुना लॅपटॉप: एसएसडी घालून चालेल की नवीनच घ्यावा?

रानमोगरा (फोंडा)

नमस्कार मंडळी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरी २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे: प्रोसेसर आय३-५००५यू, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी, विंडोज १०. काम म्हणाल तर प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, शाळेची ऑनलाइन माहिती भरणं आणि लेकीचे यूट्यूबवरचे धडे. पण बटण दाबल्यापासून वर्ड उघडेपर्यंत जीव नकोसा होतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के, प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत.

दुकानात दाखवला तर "बाई, याचं वय झालं" म्हणत त्यांनी नव्याच्या हप्त्यांचा तक्ताच पुढे केला. भावोजी म्हणतात रॅम वाढव. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) घाला. तिघांपैकी एकानेही लॅपटॉप उघडून पाहिलेला नाही! चवथीच्या सुट्टीआधी काहीतरी ठरवायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

---

सड्यावरचा (पर्वरी)

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. डिस्क १००, प्रोसेसर १५. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. अशा वेळी नवा प्रोसेसर घेऊन काय करणार, तोही वाटच बघणार.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे दुकानदारापुढे बोलता येईल. लॅपटॉपातली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डोक्याखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं त्या पट्ट्यावर सरकायला आणखी बारा-एक. एकूण १७-१८ मिलिसेकंद. सेकंदाला झाली फार तर पन्नास-साठ वाचनं. प्रत्येक वाचनात ४ केबीचा तुकडा धरला तर सेकंदाला जेमतेम सव्वादोनशे केबी! विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. त्यात अँटिव्हायरस, अपडेट आणि सर्च इंडेक्सिंग एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतात.

एसएसडीत फिरणारं काही नाही. एका वाचनाला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ. खोक्यावर "५५० एमबी प्रति सेकंद" छापतात तो आकडा मोठी फाइल सलग वाचतानाचा. तुमचा लॅपटॉप सुधारणार आहे तो त्या आकड्याने नाही, या बारीक वाचनांनी.

पण खरेदीआधी एक काम करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून त्याचा फोटो इथे टाका. डिस्क १०० टक्के दिसते याचं कारण दर वेळी "जुनी आणि संथ" एवढंच नसतं. कधीकधी ती मरायला टेकलेली असते आणि एकेक खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते. दोन्हीचं लक्षण वरून सारखंच दिसतं.

---

भाटकार (मडगाव)

भावोजींचं म्हणणं इतकं हसण्यावारी नेऊ नका हो. ४ जीबी रॅममध्ये विंडोज १० आणि क्रोमच्या आठ टॅब? रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं. तुमची डिस्क १०० टक्के दिसतेय ती त्यामुळेही असेल. रॅम ८ करा, डिस्कवरचा भार आपोआप उतरेल. मी माझ्या ऑफिसातल्या मशीनला आधी रॅमच घातली होती आणि फरक पडला.

---

सड्यावरचा

भाटकार, मुद्दा रास्त आहे, फक्त क्रमाबद्दल मतभेद. ताईंचं मशीन सुरू होतानाच रखडतंय. त्या वेळी क्रोम उघडलेलंही नसतं. रॅम वाढवून सुरू होण्याचा वेळ फारसा घटत नाही. उलट एसएसडी असेल तर पेजफाइलही तिच्यावरच जाते आणि रॅम कमी पडली तरी मशीन गळाठत नाही, जरा अडखळून पुढे जातं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी. दोन्ही जमत असेल तर दोन्ही, यात वाद नाही.

ताई, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. खाली "स्लॉट्स यूज्ड" समोर १ पैकी १ दिसतंय की २ पैकी १, ते सांगा. काही मॉडेलांत रॅम मदरबोर्डावरच झाळलेली असते.

---

पाना_पक्कड (म्हापसा)

मी दुरुस्तीचंच काम करतो म्हणून दोन शब्द.

५००५यू हा पाचव्या पिढीचा प्रोसेसर. त्याला डीडीआर३एल रॅम लागते, १.३५ व्होल्टची. "एल" विसरू नका. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ खाचेत बसते, पण मशीन चालू होत नाही, मग लोक घाबरून बोर्ड गेला म्हणतात. डीडीआर४ तर खाचेतच बसणार नाही.

एसएसडी घेताना "२.५ इंच साटा" असं स्पष्ट सांगून घ्या (साटा म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कचीच जोडणी). गेल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक ऑनलाइन मागवलेली एनव्हीएमई पट्टी (वेगळ्या, जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) घेऊन आलं, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. म्हणे "हीच सगळ्यात फास्ट आहे." असेल बाबा, पण बसवू कुठे? त्या काळच्या स्वस्त मॉडेलांत अशा पट्टीसाठी लागणारी एम.२ ची खाच बहुधा नसतेच. आणि असली तरी काहींत फक्त साटा पद्धतीची एम.२ चालते, एनव्हीएमई नाही. दोन्ही पट्ट्या दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणून खाच बघून ठरवू नये, मॉडेल नंबर टाकून माहिती काढावी.

जाडीही बघा. २.५ इंची एसएसडी ७ मिलिमीटरची असते. जुन्या लॅपटॉपात ९.५ ची डिस्क असायची. मग एसएसडी आत खुळखुळते. काही खोक्यांत प्लास्टिकची चौकट येते ती चिकटवायची. नाही आली तर पुठ्ठ्याची पट्टी करून लावतो आम्ही, चालतं.

---

रानमोगरा

सर्वांचे आभार. स्लॉट २ पैकी १ भरलेला दिसतोय, म्हणजे रॅमला जागा आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. वर निळ्याऐवजी पिवळ्या रंगात "कॉशन" लिहून आलंय. सी५ या ओळीत "करंट पेंडिंग सेक्टर काउंट" आणि उजवीकडे ०००००००००३८. त्या ओळीच्या सुरुवातीला पिवळा ठिपका. ०५ च्या ओळीत सगळी शून्यं. याचा अर्थ काय? ३८ जागा खराब?

---

सड्यावरचा

३८ नाही, ५६. तो आकडा सोळा-पायाच्या पद्धतीत असतो: तीन गुणिले सोळा अधिक आठ. ५६ सेक्टर (माहिती ठेवायच्या छोट्या जागा) असे आहेत की जे डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत आणि त्यांचा निकाल लागायचा बाकी आहे. ०५ शून्य म्हणजे अजून एकही बदलून राखीव जागेवर नेलेला नाही.

म्हणजे ताई, आता एसएसडी घ्यावी का हा प्रश्नच उरला नाही. ही डिस्क आजही चालेल, सहा महिनेही चालेल, उद्या सकाळी बंदही पडेल. कृपया पुढील गोष्टी याच क्रमाने करा.

आज रात्रीच फोटो, शाळेची कागदपत्रं, जे पुन्हा मिळणार नाही ते पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. अख्खा डी ड्राइव्ह एकदम ओढू नका. आधी सगळ्यात मोलाचं, मग बाकीचं. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती वगळून पुढे जा.

तोवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू नका. "खराब सेक्टर दुरुस्त करतो" म्हणून कोणी चेकडिस्क आर लावायला सांगेल. ते तासन्‌तास डिस्क घासत बसतं आणि अधू डिस्कला नेमकं तेच नको असतं. आधी डेटा बाहेर, मग काय हवं ते प्रयोग.

---

भाटकार

हे बघितल्यावर माझं रॅमचं घोडं मागे घेतो. आधी डेटा, ताई.

---

खिळेजुळारी (डिचोली)

धाग्यात घुसतोय, माफ करा, पण माझाही प्रश्न याच जातीचा आहे.

माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर जुळवायचं काम. लग्नपत्रिका, देवळाच्या जत्रेची आणि पालखीची पत्रकं, भजनी मंडळांचे कार्यक्रम, चवथीच्या आधी तर पावती-पुस्तकांचा नुसता पाऊस. डेस्कटॉप आहे विंडोज ७ चा, त्यात पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि जुनी मराठी फाँटची प्रणाली, डोंगलवर (पोर्टला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारी. वीस वर्षांच्या फाइली त्याच फाँटमध्ये. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त तारीख बदला." म्हणून हे मशीन मला सोडता येत नाही. पण एक पीडीएफ काढायची म्हणजे बाहेर जाऊन विडा खाऊन यावं. याला एसएसडी चालेल का? आणि सगळं नव्याने घालावं लागलं तर मी मेलो, कारण सीड्या कुठे आहेत देव जाणे.

---

सड्यावरचा

खिळेजुळारीबाब, तुमच्यासाठी नव्याने घालायचा विचारच सोडा, क्लोन करा. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर. विंडोज, पेजमेकर, फाँट, डेस्कटॉपवरचा पसारासुद्धा जिथल्या तिथे येतो.

तीन गोष्टी आधी तपासा.

एक, परवाना कशाला बांधलाय. डोंगलला असेल तर चिंता नाही, डोंगल त्याच पोर्टला लावा. पण काही जुनी सॉफ्टवेअरं हार्ड डिस्कच्या कारखान्यातल्या सिरियल नंबरला बांधलेली असत. क्लोनमध्ये तो नंबर येत नाही, ती अडतील. म्हणून क्लोननंतर जुनी डिस्क पुसू नका, कपाटात ठेवा. काही अडलं तर तीच परत लावून काम चालू.

दोन, बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगांत) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई आहे की नवी एएचसीआय ते बघा. त्या काळी पुष्कळ मशीनं आयडीईवर ठेवलेली असायची. एसएसडी आयडीईवरही चालते, पण एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळायची तिची ताकद वाया जाते. मात्र नुसतं बायोसमध्ये जाऊन बदललंत तर विंडोज ७ निळा पडदा दाखवून बसेल. आधी विंडोज चालू असताना रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत) एमएसएएचसीआय नावाच्या सेवेतली "स्टार्ट" ची किंमत ० करायची, बंद करायचं, मग बायोसमध्ये एएचसीआय निवडायचं. पुढच्या वेळी विंडोज आपणच ड्रायव्हर घालून घेतं. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल तर आयडीईवरच राहू द्या. तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसेल एवढा आहे.

तीन, बोर्ड साटा २ चा असेल तर वेग ३ गिगाबिटला अडतो, म्हणजे व्यवहारात सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास. लोक म्हणतील "मग एसएसडीचा उपयोग काय". वर लिहिलंय तेच: तुमचा खोळंबा बारीक वाचनांचा आहे, त्यांना पावणेतीनशेसुद्धा भरपूर.

विंडोज ७ चा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपलाय. ते मशीन इंटरनेटपासून तोडूनच ठेवा. मेल दुसऱ्या मशीनवर, फाइल पेनड्राइव्हने.

---

वाशीकर_मूळचा_साखळी

अवांतर: खिळेजुळारीबाब, फाइली युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरांत) हळूहळू आणायला लागा हो. त्या जुन्या फाँटातला मजकूर व्हॉट्सॅपवर पाठवला की इंग्रजी कीबोर्डवर मांजर चालून गेल्यासारखं दिसतं. साखळीच्या आमच्या देवळाचं जुनं पत्रक असंच आलं होतं, शेवटी फोन करून तिथी विचारली.

---

खिळेजुळारी

हलके घ्या, पण तिथी विचारायला तरी गावाला फोन केलात ना! बाकी सल्ला मान्य. क्लोनसाठी कुठलं सॉफ्टवेअर?

---

पाना_पक्कड

पूर्वी मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सांगायचो, ती आता कंपनीने बंद केली. आता आधी एसएसडीच्या कंपनीचंच साधन बघा. सॅमसंगचं स्वतःचं डेटा मायग्रेशन आहे, क्रुशल एसएसडीसोबत अ‍ॅक्रॉनिस देते. ती फक्त त्यांचीच डिस्क जोडलेली असली की चालतात. विंडोज ७ वर त्यांची ताजी आवृत्ती चालेलच असं नाही, म्हणून तुमच्यासाठी क्लोनझिला. पेनड्राइव्हवरून सुरू होतं, विंडोजशी त्याचं काही देणं-घेणं नाही. दिसायला काळा पडदा आणि निळ्या चौकटी, घाबरू नका. मात्र "सोर्स" आणि "टार्गेट" निवडताना डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा. तिथे उलट झालं तर रिकाम्या एसएसडीची प्रत वीस वर्षांच्या कामावर चढेल.

दुसरं, क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीने लहान डिस्कवर क्लोन करत नाही, समोरची डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. तुमची जुनी डिस्क ५०० जीबी असेल तर ५०० किंवा ५१२ चीच एसएसडी घ्या, तीसुद्धा आकडे ताडून. कधीकधी ५०० म्हणून विकलेल्या दोन डिस्कांत थोडा उणा-अधिक फरक असतो.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असते. दोन्ही एकदम लावल्या तर विंडोज एकीला बाजूला बसवतं, आणि कुठल्या डिस्कवरून सुरू झालंय तेच कळत नाही.

रानमोगराताईंनी मात्र क्लोनच्या नादी लागू नये. पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कचा क्लोन अर्ध्यावर अडतो. तुमच्याकडे वर्ड आणि ब्राउझर सोडून सॉफ्टवेअर तरी काय आहे? कोरं विंडोज घाला. विंडोज १० चा डिजिटल परवाना बोर्डाशी जोडलेला असतो. डिस्क बदलली तरी इंटरनेट लागल्यावर आपोआप चालू होतो. प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही" हे निवडायचं. वर्डचा परवाना वेगळा असेल तर त्या खात्याचा पासवर्ड आधी शोधून ठेवा.

---

दर्यादेगेर (मांद्रे)

मंडळी, आमच्यासारख्या समुद्रकाठच्यांसाठी कोणी लिहा ना. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, लॅपटॉपाचं काय घेऊन बसलात. एसएसडी या दमट हवेत टिकते का? आणि वीज? ढग नुसता खोकला तरी आमच्या वाड्यावरची वीज जाते.

---

पाना_पक्कड

दमट हवेचा त्रास एसएसडीपेक्षा तिच्या आजूबाजूच्यांना जास्त. एसएसडी म्हणजे बोर्डावर झाळलेल्या चिपा, आत डोकं-तबकड्या नाहीत. हार्ड डिस्कला हवेचा दाब सांभाळायला बारीक भोक असतं, त्यावर गाळणी असते, पण बाहेरच्या हवेशी संबंध असतोच. माझ्याकडे जूननंतर जी मशीनं येतात त्यांत बहुधा रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपटलेल्या असतात किंवा चार्जिंगच्या पिनेवर हिरवा थर चढलेला असतो. समुद्राजवळ मीठही असतं हवेत. रॅम काढून पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या की निम्मी गिऱ्हाइकं खूश होऊन जातात.

उपाय एकच: पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा. आतली ऊब दमटपणा घालवते. लोखंडी कपाटात पिशवीत गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप सगळ्यात आधी बिघडतो.

विजेचं म्हणाल तर लॅपटॉपाला बॅटरी आहे, ती मेलेली नसली म्हणजे झालं. डेस्कटॉपला एसएसडी घालणार असाल तर यूपीएस हवाच. स्वस्त एसएसडीत वीज अचानक गेली तर हातातलं लिखाण पुरं करायला लागणारे कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारे भाग) नसतात. लिहिता लिहिता वीज गेली तर एखादी फाइल नाही, कधीकधी आख्खी डिस्कच ओळख विसरते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. आणि मोडेमची केबलही काढा. ती विसरतात लोक, आणि वीज त्या वाटेने येते.

---

पेंग्विनबाब (वाळपई)

विंडोज १० घालायचं म्हणताय, पण त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना? घरगुती लोकांना वाढीव सुरक्षा अपडेट दिलेत तेही मायक्रोसॉफ्टने जाहीर केल्याप्रमाणे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, ताईंचा पाचव्या पिढीचा. एसएसडी घालताच आहात तर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट घाला, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ४ जीबीत आरामात चालतं आणि देवनागरी टायपिंगही आहे.

---

रानमोगरा

पेंग्विनबाब, शाळेतून येणारे एक्सेलचे तक्ते मॅक्रोवाले (आत आपोआप हिशेब करणाऱ्या सूचना असलेले) असतात. ते लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडले की निकाल भलतेच लागतात. मुलं खूश होतील, मुख्याध्यापिका नाही. त्यामुळे सध्या विंडोज १० आणि वाढीव अपडेट. लेकीसाठी मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघेन.

आता सांगा, २५६ जीबी पुरेल का? आणि "एसएसडीवर लिहून लिहून ती संपते" म्हणतात ते किती खरं?

---

सड्यावरचा

तुमच्या कामाला २५६ पुरेल. फक्त काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा. फोटो बाहेरच्या डिस्कवर.

संपण्याबद्दल: संपते, पण तुमच्या हातून नाही. क्रुशल बीएक्स५०० च्या २४० जीबी मॉडेलला ८० टीबी लिखाणाची हमी आहे. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या २५० जीबीला १५० टीबी. दिवसाला २० जीबी लिहिलंत (आणि निकालपत्रकांनी ते होणं अशक्य आहे) तरी ८० टीबीला चार हजार दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. त्याआधी लॅपटॉपाची बिजागरी तुटेल.

यूट्यूबवर "एसएसडी वाचवण्याचे उपाय" म्हणून पेजफाइल बंद करा, अमुक सेवा बंद करा असलं सांगतात. काही करू नका. डीफ्रॅगही (विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) हाताने करू नका. विंडोज एसएसडी ओळखतं आणि तिला मुख्यतः ट्रिम देतं, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते कळवतं.

या ट्रिमची दुसरी बाजू मात्र दुकानदार सांगत नाहीत. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत काढता येते. एसएसडीवर ट्रिम झालं की ती जागा आतून साफ होते, मग कितीही पैसे द्या, फाइल मिळत नाही. शिवाय हार्ड डिस्क बहुधा कुरकुरून, पिवळी होऊन जाते, तुम्हाला वेळ देते. एसएसडी पुष्कळदा न सांगता जाते. म्हणून वेग आला तरी दुसरी प्रत हवीच, आणि ती प्रत हार्ड डिस्कवर असलेली बरी. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नव्हे.

---

भाटकार

भावाबद्दल कोणीच बोलत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्यात. एआयच्या सर्व्हरवाल्यांनी चिपा उचलल्या म्हणतात. त्यामुळे ऑनलाइन अगदी मातीमोल भावात "२ टीबी एसएसडी" दिसली तर हात लावू नका. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि विंडोजला खोटा आकार सांगतं. भरत गेलात की मागचं पुसून पुढचं लिहितं.

---

पाना_पक्कड

+१. शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर चालवा. पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं, लबाडी लगेच कळते. आणि खऱ्या दुकानातून बिल घेऊन घ्या. तीन वर्षांची वॉरंटी बिलावर चालते, ओळखीवर नाही.

---

रानमोगरा

मंडळी, झालं काम!

डेटा त्या रात्रीच काढला. लेकीच्या पहिलीतल्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ अर्ध्यावर अडकला तो अडकलाच, बाकी सगळं आलं. शाळेतल्या सरांच्या ओळखीच्या एका मुलाने फोंड्यातच बसवून दिली. मी समोर बसून बघत होते. खालचे स्क्रू काढले, पण झाकण काही निघेना. मग त्याने डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर ओढला, त्याच्या खाचेत आणखी बारीक स्क्रू लपलेले. ते काढून जुन्या एटीएम कार्डाने कडा सोडवत गेला, कट कट आवाज येत होते आणि इकडे माझा श्वास अडकलेला. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत, तिला चार स्क्रू. चौकट काढून एसएसडीला लावली, जोडणीत सरकवली, की झालं. आत कुरडईच्या चुऱ्यासारखं काहीतरी निघालं, ते कशाचं ते विचारू नका.

रॅमही ४ ची आणखी एक डीडीआर३एल घातली, जुनीच, त्याच्याकडची. कोरं विंडोज. आता बटण दाबून पाण्याचा ग्लास घेऊन येईपर्यंत समोर पासवर्ड मागत उभा असतो. एक्सेल टिचकी मारल्याबरोबर उघडतं. आणि आवाज! आधी रात्री खर्र-खर्र यायचा तो गेला, मला वाटलं बंदच पडलाय.

सगळ्यांना देव बरें करूं.

---

सड्यावरचा

उत्तम! आता जुनी डिस्क फोटो ठेवायला वापरू नका, पिवळी आहे ती. बॅकअपसाठी दुसरी घ्या.

---

खिळेजुळारी

माझाही क्लोन झाला. पेजमेकर, फाँट, डोंगल सगळं जागेवर. रजिस्ट्रीला हात लावला नाही, आयडीईवरच आहे, तरी पीडीएफ निघेपर्यंत विडा जुळवूनही होत नाही.

---

रानमोगरा

एक शेवटचं. आमच्या शाळेच्या खोलीत जुने डेस्कटॉप पडून आहेत. पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय काढणार आहे. त्यांनाही असंच करता येईल?

---

पाना_पक्कड

येईल. डेस्कटॉपला तर सोपं, बाजूचं झाकण काढायचं की सगळं समोर. पण सगळ्यांसाठी एकदम खरेदी करू नका. आधी प्रत्येक मशीन चालू होतं का ते बघा. पावसाळे खाऊन पडलेल्या मशीनांत एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेलेला असतो, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असतात, त्यांच्यावर एसएसडीचे पैसे घालू नका. आत साटाची चपटी केबल आणि पॉवरची चपटी पिन आहे का बघा. फार जुन्यांत रुंद पट्टीची केबल असते, ती मशीनं सोडून द्या. १२० किंवा १२८ जीबी शाळेला पुष्कळ. साडेतीन इंची खणात बसवायला पत्र्याची चौकट मिळते. नाही मिळाली तरी दोन स्क्रूंवर किंवा दुहेरी टेपवर टांगली तरी चालते, आत हलणारं काही नाही.

एका मशीनचं झाकण काढून आतला फोटो टाका, मग बोलू.